स्वतंत्र माहितीपटाचं सेन्सॉर: अर्ज नेमका कुठे अडतो

तुमची डॉक्युमेंटरी फक्त यूट्यूबवर किंवा ओटीटीवर जाणार असेल तर सेन्सॉर लागत नाही. निवांत राहा. थिएटरात लावायची असेल किंवा राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराला पाठवायची असेल, तर मात्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवंच. महोत्सवांना सूट मिळते, पण ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून आयोजक घेतात आणि त्या महोत्सवापुरतीच असते. महोत्सवात दाखवली म्हणजे फिल्म 'पास झाली' असं समजू नका.

अर्ज मंडळाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. पुण्यात मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाही, म्हणून मुंबई निवडायचं. नोंदणी, फॉर्म, फी, फिल्म अपलोड. हे सगळं एका दुपारी उरकतं. माणसं अडकतात ती पुढे.

पहिली अडचण जनावरांची. मागे एका मित्राचा अर्ज भरायला बसलो. विषय मेंढपाळांचा. २६ मिनिटांच्या फिल्ममध्ये मेंढ्या नसलेला शॉट शोधून सापडेना. भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र कुठाय म्हटल्यावर तो म्हणाला, "अरे, मेंढ्या त्यांच्याच आहेत, मी कुठे आणल्या?" मुद्दा रास्त आहे. खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीच्या २००१ च्या नियमांचा सगळा रोख चित्रपटासाठी भाड्याने आणलेल्या घोड्या-बैलांवर आहे. वाटेने चाललेल्या कळपामागे कॅमेरा घेऊन धावणारा माणूस ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावा. तरी प्रमाणपत्र मागितलं जातंच. प्राणी कल्याण मंडळ आहे हरियाणात, बल्लभगढला. तिथली परवानगी शूटिंगच्या आधी मागायची असते आणि आपल्याला तिची आठवण होते एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर. तेव्हा बैलगाडी, कुत्रा, कोंबडा, जे काही फ्रेममध्ये येणार असेल त्याचा पत्रव्यवहार रेकीच्या, म्हणजे शूटिंगच्या जागा बघायच्या दिवसांतच सुरू करा.

दुसरी बिडी. आजोबांनी मुलाखतीत बिडी पेटवली की ती दिसते तोवर खाली इशारा हवा. शिवाय सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांचा आरोग्य संदेश आणि २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, दोन्ही. २० मिनिटांच्या फिल्ममध्ये त्यातच एक मिनिट ४० सेकंद गेले! शॉट काढता येत असेल तर काढा.

गाण्यांचे पूर्ण शब्द आणि गीतकाराचं नाव अर्जासोबत द्यावं लागतं. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण टपरीवरच्या रेडिओवर वाजत असलेलं त्याचं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतं. आवाज पुसा नाहीतर हक्क घ्या.

आता तारखेचा घोळ, दरवर्षीचा. राष्ट्रीय पुरस्कारासाठी फिल्म कधी पूर्ण झाली किंवा अर्ज कधी केला हे बघत नाहीत. प्रमाणपत्रावरची तारीख त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर यांच्यात हवी. डिसेंबरच्या मध्यात अर्ज टाकून "या वर्षात बसलो" म्हणणारे नंतर पुढच्या वर्षाच्या यादीत जातात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतला मित्र "आम्हाला तर सेन्सॉर लागलं नाही" असं सांगेल. बरोबर आहे त्याचं. मान्यताप्राप्त संस्थेच्या विद्यार्थी फिल्मला संस्थाप्रमुखाचा दाखला चालतो. तुम्ही त्या संस्थेच्या लॉ कॉलेज रोडवर रोज चहा पीत असलात तरी ती सवलत तुम्हाला नाही.

मंडळाच्या, फिल्म बघणाऱ्या परीक्षण समितीने काटछाट सुचवली तर म्हणणं मांडायची संधी मिळते, ती सोडू नका. डेक्कन क्वीन पकडून जा आणि प्रत्येक शॉट का हवा ते लिहून न्या. तिथे जमलं नाही तर फिल्म पुन्हा बघणारी पुनरीक्षण समिती. त्यापुढचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय, म्हणजे वकिलाची फी.

आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर मागाहून सबटायटल किंवा देणगीदाराचा लोगो चिकटवू नका. पास झालेल्या फिल्ममधला बदल मंडळाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो.