ऑरगॅनिक आणि स्पेशालिटी: आदिवासी संस्थांकडून कॉफी घेताना होणारी गल्लत

आंध्रातल्या अराकू किंवा ओडिशातल्या कोरापूटच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी घ्यायची म्हटलं की हमखास एक वाक्य ऐकू येतं: "ऑरगॅनिक आहे ना, मग स्पेशालिटीच असणार." असेलच असं अजिबात नाही. आणि चवीच्या तपासणीत १०० पैकी ८५ गुण मिळालेली कॉफी ऑरगॅनिक असेलच असंही नाही. तरीही पाकिटावर "आदिवासी, ऑरगॅनिक, स्पेशालिटी" हे तिन्ही शब्द एका दमात छापले जातात, जणू पहिल्यातून उरलेले दोन आपोआप निघतात.

स्पेशालिटी म्हणजे काय, हे रोस्टरला, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याला, सांगायला नको. रूढ निकष असा: ३५० ग्रॅम हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांत मोठे दोष शून्य, किरकोळ दोष पाचापर्यंत आणि कपिंगमध्ये, म्हणजे चव घेऊन गुण देण्याच्या चाचणीत, १०० पैकी किमान ८०. 'प्लांटेशन एए' ही बियांच्या आकाराची प्रतवारी आहे. ती दाखवून स्पेशालिटीचा भाव मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं. २०१९ मध्ये 'अराकू व्हॅली अरेबिका'ला मिळालेलं भौगोलिक मानांकनही फक्त मूळ सांगतं. ते ना ऑरगॅनिकची हमी देतं, ना गुणांची.

ऑरगॅनिकचा चवीशी संबंध नाही. शेतात काय घातलं, काय घातलं नाही आणि माल कोणाच्या हातून कुठे गेला, याची ती तपासलेली नोंद आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, म्हणजे एनपीओपीत, कॉफीसारख्या बहुवर्षीय पिकाला रूपांतरणाची तीन वर्षं लागतात. लहान शेतकऱ्यांना २५ ते ५०० जणांचा गट करून एकत्र प्रमाणपत्र घेता येतं. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी करून दिलेली हमी, पाच शेतकऱ्यांच्या गटापासून चालतं, पण ते देशातल्या बाजारापुरतं. निर्यातीत उपयोगाचं नाही. "आमच्या डोंगरात कोणी खत घालतच नाही" हे अगदी खरं असू शकतं. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१७ च्या नियमांनुसार रोस्टरला पाकिटावर ऑरगॅनिक लिहायला यांपैकी एक नोंद लागते. नुसतं 'बाय डिफॉल्ट ऑरगॅनिक' म्हणून भागत नाही.

इथवर बहुतेकांना पटतं. घोळ होतो तो माल एकत्र करताना.

समजा, संध्याकाळी एका गावातून तीन शेतकऱ्यांची फळं आली. पहिल्याची पूर्ण लाल. दुसऱ्याने फांदी ओरबाडलेली, त्यामुळे निम्मी हिरवी. तिसऱ्याने आदल्या दिवशी तोडून रात्रभर पोत्यात दाबून ठेवलेली. तिघेही प्रमाणित गटातले. तिघांची फळं एकाच हौदात ओतली तरी माल शंभर टक्के ऑरगॅनिक राहतो. कपात मात्र हिरव्या फळांचा तुरटपणा आणि तापलेल्या फळांचा आंबूस वास उतरतो आणि ८० गुणांची पातळी हुकते. फळं पाण्यात टाकून तरंगणारी काढली तर पोकळ आणि किडकी जातात. कच्ची बरीचशी बुडतातच. रात्रभर तापलेली बी तर पुढे वाळून इतरांसारखीच दिसते, रंगावरून बिया निवडणाऱ्या यंत्रालाही (कलर सॉर्टर) ती नेमकी सापडत नाही.

आता उलटं बघा. गटाबाहेरच्या शेजाऱ्याने वेचून लाल फळं आणली आणि ती त्याच हौदात पडली. कपात ८५ चे ८५ राहतील. ऑरगॅनिक मात्र त्या क्षणी संपलं, अख्ख्या लॉटचं, आणि ते कोणत्याही यंत्राने परत येत नाही.

म्हणून लॉट वेगळे ठेवायचे निकषही दोन आहेत. ऑरगॅनिकसाठी शेतकऱ्याचा कोड आणि वजन. स्पेशालिटीसाठी तोडणीचा दिवस, पिकलेपणा आणि वाळवणीच्या कोणत्या खाटेवर वाळली. पहिली वही संस्थेकडे असते, कारण निरीक्षक ती मागतो. दुसरी वही खरेदीदाराने मागितल्याशिवाय आणि तिचे पैसे दिल्याशिवाय कोणी ठेवत नाही. संस्थेला दोष देण्यात अर्थ नाही. फक्त लाल फळं तोडायची तर त्याच झाडांवर तीन-चार फेऱ्या होतात आणि व्यापारी एकाच फेरीतल्या सरसकट मालाला रोख मोजतो. नोव्हेंबरच्या तोडणीआधी लाल फळांचा वेगळा दर ठरवा आणि तो फळं तोलतानाच मिळेल असं बघा. हंगामानंतरच्या बोनसवर कोणी चौथी फेरी करत नाही. दर बोलताना तो ओल्या फळांचा, पार्चमेंटचा (गर काढून सालासकट वाळवलेल्या बियांचा) की हिरव्या बियांचा हे आधी स्पष्ट करा. एक किलो हिरव्या बियांना साधारण पाच-सहा किलो फळं लागतात.

स्पेशालिटी हवी असेल तर घरचं पार्चमेंट घेऊ नका, फळं घ्या. हातपल्परवर, म्हणजे गर काढायच्या हातयंत्रावर, काढलेली, अंदाजाने आंबवलेली, अंगणात मातीवर वाळवलेली बी ऑरगॅनिक म्हणून निर्दोष असते आणि कपात मातकट लागते. संस्थेच्या केंद्रावर त्याच दिवशी पल्पिंग, उंच खाटांवर पातळ थर, वरचेवर ढवळणं आणि ओलावा १० ते १२ टक्के, एवढं तरी हवंच. युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरलेला माल मात्र दोन्ही बाजूंनी बाद.

कागदाची गल्लतही इथलीच. व्हॉट्सॲपवर येतं ते स्कोप सर्टिफिकेट: गट प्रमाणित आहे, इतकंच ते सांगतं. त्यावर कॉफी हे पीक आणि मुदत बघा. तुमच्या पोत्यांचा पुरावा म्हणजे त्या विक्रीचं, त्या वजनाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, जे ट्रेसनेट या एनपीओपीच्या ऑनलाइन प्रणालीवरून निघतं. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ते कोण काढणार हे लिहून घ्या. आणि भाजणी तुमची असेल तर तुमचं युनिटही प्रमाणित लागतं, नाहीतर शेतापासून आलेली साखळी तुमच्याच दारात तुटते.

शेवटचा धोका क्युरिंग वर्क्समधला, जिथे पार्चमेंटचं साल निघतं. ती गिरणी प्रमाणित नसेल तर ऑरगॅनिक गेलं. प्रमाणित असली तरी यंत्रात आधीच्या लॉटची रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, अडकलेली असू शकते. यंत्र झाडून घ्यायला लावा, तुमच्याच मालातले पहिले काही किलो चालवून बाजूला काढा आणि कपिंगचा नमुना त्यानंतरच्या पोत्यांतून घ्या.