कार्योत्तर पर्यावरण मंजुरी : पार्श्वभूमी

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९९४ मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीची पहिली अधिसूचना निघाली, १९९७ पासून जनसुनावणी सक्तीची झाली. आजचा गाडा चालतो १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर. तिच्यातल्या 'पूर्व मंजुरी'त 'पूर्व' हा शब्द उगाच नाही. जमीन ताब्यात ठेवण्यापुरते सोडले, तर मंजुरीआधी जागेची तयारीसुद्धा चालत नाही.

घोळ 'कार्योत्तर'चा, म्हणजे काम झाल्यावरच्या मंजुरीचा. सरकारी कचेरीत शब्द रोजचा: आधी खर्च, मग कार्योत्तर मंजुरी, हिशेब जुळला की फाईल बंद. पर्यावरणात हिशेब जुळतच नाही. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय आघात होईल, त्या अहवालासाठी साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची हवा, पाणी, माती, आवाज मोजून मूळ स्थिती नोंदवतात. खडीसाठी डोंगर फुटल्यावर मोजणीचे यंत्र लावले, तर त्याच क्रशरची धूळ 'मूळ स्थिती' म्हणून कागदावर येते आणि प्रकल्पाचा आघात आपोआप किरकोळ दिसतो. मंजुरी दिल्या दिवसापासूनच लागू होते, मागचे काही माफ होत नाही, हा कार्योत्तर मंजुरीच्या समर्थकांचा युक्तिवाद या 'मूळ स्थिती'पाशी अडतो.

१४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने मंजुरीविना काम सुरू करून उल्लंघन करणाऱ्यांना अर्जासाठी सहा महिने दिले, एकदाच म्हणून. अट अशी की पर्यावरणाच्या हानीच्या भरपाई आराखड्याच्या रकमेइतकी बँक हमी प्रदूषण मंडळाकडे ठेवायची. पुढे जुलै २०२१ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनाने (लेखी आदेशाने) कायमची कार्यपद्धतीच घालून दिली. उत्पादन सुरू नसेल तर तोवर झालेल्या खर्चाच्या १ टक्का दंड. सुरू असेल तर प्रकल्पखर्चाच्या १ टक्का, वर उल्लंघनकाळातल्या उलाढालीच्या ०.२५ टक्के. स्वतःहून कबुली दिली तर निम्मा. म्हणजे १०० कोटी ओतून काम अर्ध्यावर असताना कबूल झालात, तर ५० लाख. इतक्या स्वस्तात कोण आधी रांगेत उभे राहील?

सर्वोच्च न्यायालयातही एकवाक्यता नाही. २०२० मध्ये कार्योत्तर मंजुरीची कल्पनाच पर्यावरणीय न्यायशास्त्राच्या मूलतत्त्वांविरुद्ध ठरली. २०२१-२२ च्या निकालांनी अपवादाला वाट दिली. १६ मे २०२५ रोजी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चे ज्ञापन दोन्ही रद्द झाले, आधी मिळालेल्या मंजुऱ्या मात्र शाबूत राहिल्या. १८ नोव्हेंबरला २ विरुद्ध १ मतांनी तोही निकाल मागे घेतला गेला. कारणे दोन: अपवादाचे निकाल विचारात घेतले नव्हते, आणि उभी राहिलेली सार्वजनिक कामे पाडावी लागली असती. प्रकरण नव्याने सुनावणीला गेले.

दरम्यान, १ एप्रिल २०२४ पासून १९८६ च्या कायद्यातल्या कलम १५ खालचा तुरुंगवास गेलेला आहे. उरला आहे १० हजार ते १५ लाखांचा दंड.