दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटातला गॅस आणि कर्करोग

“दुर्बिणीतून नकोच. पोटात हवा भरतात ना! हवा लागली की गाठ पसरते.” मामींच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा आत्यांनी हे ठासून सांगितलं आणि घर गप्प झालं. याच भीतीपायी लोक बायोप्सीसुद्धा टाळतात, महिनोन्महिने काढे घेत बसतात आणि गाठ वाढत राहते. मला याची फार चीड येते. पण आत्यांच्या शंकेतला एक धागा खरा आहे, आणि तो एकेकाळी सर्जन मंडळींनाही सतावत होता.

मुळात ती हवा नसते. तो असतो सोडावॉटरमधला कार्बन डायऑक्साइड. हवेतला नायट्रोजन रक्तात सहज विरघळत नाही. चुकून शिरेत शिरला तर बुडबुडा जिवावर बेतू शकतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ऑक्सिजनच्या वीसपटीहून जास्त विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. शिवाय तो पेट घेत नाही, आणि पोटात विजेवर तापणारी हत्यारं चालू असतात. पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने तो भरला की पोट तंबूसारखं वर उचललं जातं. मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये असंच पित्ताशय काढलं आणि ही पद्धत आपल्याकडे रुजली.

१९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या सर्जननी कळवलं की, आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बिणीने ऑपरेशन केलेल्या १४ रुग्णांपैकी तिघांना नळी घातलेल्या छिद्रांच्या जागीच नव्या गाठी आल्या. जगभर खळबळ उडाली आणि संशय गॅसवर गेला.

तो का गेला हे समजायला पोटाचं अस्तर बघायला हवं. पेरिटोनियम नावाचं हे अस्तर पसरलं तर जवळपास आपल्या त्वचेएवढं भरेल. त्यावर चपट्या पेशींचा एकच थर असतो, घोटून बसवलेल्या फरशीसारखा. प्रत्येक पेशीवर सूक्ष्म केसांसारखे उंचवटे आणि त्यांवर पातळसा ओलावा. या बुळबुळीतपणामुळे आतडी एकमेकांवरून घसरतात, आणि गाठीतून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशीलाही पाय रोवायला जागा मिळत नाही.

आता सिलिंडरमधला गॅस येतो तो साधारण २० अंशांचा आणि जवळजवळ ठणठणीत कोरडा. तो अस्तरावरचा ओलावा ओढून घेतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणून पोट आतून गारही पडतं. जो गॅस ओलाव्यात विरघळतो त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. वरून दाबामुळे अस्तराच्या केशवाहिन्यांतलं रक्त कमी होतं. वाळणं, गारवा, आम्ल, रक्ताची टंचाई. या सगळ्याने पेशी कडांनी आक्रसून मधोमध फुगतात आणि फरशीच्या सांध्यांत भेगा पडतात. उंदरांच्या अस्तराच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांत या भेगा आणि त्यांतून उघडा पडलेला खालचा पडदा दिसतो. कर्करोगाच्या पेशीच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाचे रेणू असतात. ते नेमके याच पडद्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतात. अस्तरावर पहारा देणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही कार्बन डायऑक्साइडमध्ये मंदावतात, टीएनएफ हा इशारा देणारा रेणू कमी सोडतात.

एवढं वाचून आत्या जिंकल्या असं वाटेल. पण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनातही तेच अस्तर दिव्यांखाली तासन्‌तास वाळतं, हातमोज्यांनी आणि गॉजने घासलं जातं. तुलना या दोघांत करायची असते. आतड्याच्या कर्करोगाच्या अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २००४ मध्ये आले: जखमेच्या जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी आणि तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाणही जवळपास सारखंच. आता गाठ पिशवीत घालून किंवा जखमेला प्लॅस्टिकचं आवरण लावून बाहेर काढतात. गॅस नळीतून सावकाश सोडतात, म्हणजे छिद्राच्या कडेने धुराड्यासारखा पेशी घेऊन उसळत नाही. काही ठिकाणी तो गरम आणि दमट करूनही भरतात.

सगळ्याच कर्करोगांना मात्र हा निकाल लागू करता येत नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात ६३१ स्त्रियांवरच्या चाचणीत, २०१८ मध्ये, साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त असण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के निघालं आणि दुर्बिणीने किंवा रोबोने केलेल्या ऑपरेशननंतर ८६ टक्के. गर्भाशय हलवायला घालतात ते हत्यार गाठीवर घासतं म्हणून, की योनिमार्ग गॅस भरलेल्या पोटातच उघडतात म्हणून, यावर वाद चालू आहे. म्हणून डॉक्टरांना “दुर्बिणीने करता का?” एवढंच विचारू नका, “याच अवयवाच्या याच टप्प्यासाठी पुरावा काय आहे?” हेही विचारा.

मामींचं ऑपरेशन दुर्बिणीनेच झालं. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा ठणकू लागला तेव्हा आत्या ओवा घेऊन आल्या, “गॅस अडकलाय” म्हणत. गॅस होता खरा, पण आतड्यात नव्हे. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या खालच्या बाजूलाही तेच नाजूक अस्तर असतं. ते चुरचुरलं की तिथली नस मेंदूला खांद्याचा पत्ता सांगते. तिसऱ्या दिवशी, गॅस रक्तात विरून गेल्यावर, मामी दोन्ही हात वर करून वेणी घालत होत्या.