इराणी चित्रपटांतील स्त्रीजीवन

इराणच्या फार्सी चित्रपटांतील स्त्री, विवाह व सामाजिक निर्बंध यांच्या चित्रणाची चर्चा बहुधा १९७९ च्या इस्लामी क्रांतीपासून सुरू केली जाते. मात्र या विषयाचा आरंभ त्यापूर्वीचा असून तो काही अंशी मुंबईतला आहे.

पहिला फार्सी बोलपट ‘दोख्तर-ए लोर’ (‘लोर जमातीची मुलगी’, १९३३) मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीने काढला. ‘आलम आरा’चे आर्देशिर इराणी त्याचे निर्माते, कथा-संवाद अब्दुल हुसेन सेपंता यांचे आणि नायकही तेच. दिग्दर्शनाचे श्रेय कोणी इराणींना देतात, कोणी सेपंतांना. संयुक्त श्रेय अधिक सयुक्तिक वाटते. दरोडेखोरांनी पळवलेली, चहाखान्यात नाचणारी गुलनार ही भूमिका रूहअंगीज सामीनेजाद यांनी केली. त्यांना ‘पहिली इराणी अभिनेत्री’ म्हणतात, ते सावधपणे घ्यावे लागते : त्याच सुमाराच्या ‘हाजी आगा’ या मूकपटात आर्मेनियन ख्रिस्ती स्त्रिया होत्या. ‘फार्सी बोलपटातील पहिली मुस्लिम अभिनेत्री’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. इराणचा तत्कालीन राजा रझाशाहने बुरख्यावर बंदी घातली जानेवारी १९३६ मध्ये. म्हणजे पडद्यावरचा उघडा चेहरा कायद्याच्या आधीचा. लोकांनी केलेल्या छळामुळे सामीनेजाद यांचे पुढचे आयुष्य अज्ञातवासात गेले.

क्रांतीपूर्व धंदेवाईक ‘फिल्मफार्सी’त स्त्री प्रायः नर्तकी किंवा घराण्याची अब्रू एवढीच उरते. ‘कैसर’मध्ये (१९६९) बलात्कारित बहीण आरंभीच जीव देते, उरलेला चित्रपट भावाच्या सूडाचा.

क्रांतीनंतरच्या नियमांचा तांत्रिक परिणाम मोठा झाला. प्रत्यक्षात इराणी स्त्री स्वतःच्या घरात, पतीसमोर डोके झाकत नाही. पडद्यावर मात्र प्रेक्षक परपुरुष मानला जात असल्याने तिला शय्यागृहातही रुमाल बांधावा लागतो. पतिपत्नीची भूमिका करणाऱ्यांनी परस्परांना स्पर्श करायचा नाही. पती घरी परतल्याचे साधे दृश्यही त्यामुळे खोटे दिसते. यावर पळवाट म्हणून कथानके मोटार, जिना, अंगण, न्यायालय अशा जागी सरकली. अब्बास कियारोस्तामी यांचा ‘दह’ (‘दहा’, २००२) तर संपूर्ण मोटारीतच घडतो. त्यात एक तरुणी रुमाल मागे सारते, तेव्हा केस नसलेले डोके दिसते. चित्रपट-अभ्यासक हमीद नफीसी यांनी क्रांत्योत्तर स्त्रीचित्रणाचे अनुपस्थिती, पार्श्वभूमीतील उपस्थिती व अग्रभागी उपस्थिती असे टप्पे मानले आहेत. विभागणी सोयीची आहे, पण काटेकोर नाही. उदाहरणार्थ, १९८५-८६ च्या सुमारास तयार झालेला ‘बाशू’ हा चित्रपट १९८९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील उत्तर इराणमधील गिलान प्रांताची नाई नावाची शेतकरीण थेट कॅमेऱ्याकडे पाहते. (इराणी सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्याने अनेक चित्रपटांच्या सनांत एका वर्षाचा फरक आढळतो.)

विवाहसंस्थेचे सूक्ष्म चित्रण दारियूश मेहरजुई यांनी केले. इब्सेनच्या नाटकावर आधारलेल्या ‘सारा’ची (१९९३) नायिका पतीच्या उपचारांसाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता रात्री चोरून शिवणकाम करते. ‘लैला’मध्ये (१९९७) मूल होत नाही म्हणून सासू मुलाचे दुसरे लग्न ठरवू पाहते, सून स्वतः नवऱ्याबरोबर मुली पाहायच्या फेऱ्या करते. येथे बंधन कायद्याचे कमी, भिडेचे अधिक. मराठी वाचकाला ही सासू परकी वाटणार नाही. रख्शान बनी-एतेमाद यांच्या ‘नर्गेस’मध्ये (१९९२) वयस्क आफाग आपल्या तरुण सोबत्याचे लग्न जुळवताना त्याची आई म्हणून उभी राहते. तहमीने मिलानी यांचा ‘दो झन’ (‘दोन स्त्रिया’, १९९९) अधिक थेट व काहीसा प्रचारकी आहे. मर्झिये मेश्किनी यांच्या २००० च्या चित्रपटात, नऊ वर्षे पूर्ण होताच ‘चादर’ (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारे वस्त्र) घ्यावी लागणारी मुलगी सावलीच्या काठीवर खेळाची उरलेली मिनिटे मोजते.

जाफर पनाही यांच्या ‘दायरे’ला (‘वर्तुळ’, २०००) व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार मिळाला, पण इराणात त्यावर बंदी आली. असगर फरहादी यांच्या २०११ च्या घटस्फोटविषयक चित्रपटाला ऑस्कर मिळाले. २०२२ च्या हिजाबसक्तीविरोधी आंदोलनानंतर काही निर्मात्यांनी रुमालाचा नियमच सोडला : ‘माझा आवडता केक’मधील (२०२४) सत्तरीची विधवा स्वतःच्या घरात उघड्या केसांनी वावरते. बर्लिन महोत्सवातील त्याच्या पहिल्या खेळाला त्याचे दोन्ही दिग्दर्शक जाऊ शकले नाहीत. त्यांचे पारपत्र जप्त झाले होते.