सुगंधी तेलांचे मिश्रण

वनस्पतींपासून काढलेली बाष्पनशील तेले स्निग्ध तेलात अल्प प्रमाणात मिसळून ती अंगाला चोळण्याची किंवा त्यांचा वास घेण्याची रीत. झोप लागावी, मन निवांत व्हावे, आखडलेले अंग मोकळे व्हावे, त्वचा मऊ राहावी हे तिचे नेहमीचे हेतू. ज्या स्निग्ध तेलात मिश्रण करतात त्याला आधारतेल किंवा वाहक तेल म्हणतात. या तेलांच्या व्यापाराचे मुंबई हे जुने केंद्र आहे.

संज्ञा : ‘बाष्पनशील तेल’ हा मराठी परिभाषेतील रूढ शब्द होय, बाजारात मात्र ‘इसेन्शियल ऑइल’ किंवा नुसते ‘ऑइल’ म्हणतात. अलीकडे बाटल्यांवर ‘आवश्यक तेल’ असे भाषांतर दिसते. ते चुकीचे आहे. मूळ शब्दाचा संबंध साराशी आहे, गरजेशी नाही. ‘अर्क’ हा शब्दही येथे टाळलेला बरा, कारण आयुर्वेदात व यूनानीत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने (उकळून निघालेली वाफ थंड करून) मिळालेले सुगंधी पाणी. अत्तराचा अर्थ आणखी मर्यादित आहे. कनौजच्या (उत्तर प्रदेश) जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत (मोठ्या हंड्यात) फुले व पाणी तापवून त्यांची वाफ भपक्यातल्या (वाफ थंड होऊन जमणाऱ्या भांड्यातल्या) चंदनतेलात उतरवतात. म्हणजे अत्तर हे मुळातच एक मिश्रण आहे आणि त्यातले आधारतेलही बाष्पनशीलच आहे. चंदन महागल्यापासून स्वस्त अत्तरांत त्याची जागा बहुधा द्रव पॅराफिनाने किंवा कृत्रिम विद्रावकांनी घेतली आहे.

बाष्पनशील तेलात मेद नसतो. त्यात मुख्यतः टर्पिने (वनस्पतींतील उडून जाणारी सुवासिक संयुगे) व त्यांची ऑक्सिजनयुक्त संयुगे असतात. टिपकागदावर टाकलेला त्याचा थेंब उडून जातो, तिळेलाचा किंवा खोबरेलाचा डाग मात्र तसाच राहतो. महाग तेलात स्वस्त स्निग्ध तेलाची भेसळ असेल तर ती या घरगुती परीक्षेत उघडी पडते. विद्रावकाची भेसळ ओळखायला वायुवर्णलेखनच (गॅस क्रोमॅटोग्राफी) लागते.

उगम : या रीतीचा उगम एक नाही, आणि लोकप्रिय लिखाणात वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. सुवासिक द्रव्ये तेलात मुरवणे ही एक परंपरा आणि ऊर्ध्वपातनाने तेल काढणे ही दुसरी. पहिली भारतात निःसंशय जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) गंधयुक्तीच्या (सुगंधी मिश्रणे करण्याच्या विद्येच्या) अध्यायात मंजिष्ठा, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनी, कोष्ठ इत्यादींचे चूर्ण तेलात घालून उन्हात तापवले असता चाफ्याच्या वासाचे तेल होते, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात सोळा द्रव्यांतून चार चार घेऊन व त्यांचे भाग बदलून १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब आहे. सोळांतून चार निवडण्याच्या १,८२० रीतींना ९६ ने गुणले की हा आकडा येतो. मिश्रणाकडे गणित म्हणून पाहण्याचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडेल. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (इ. स. ११३० च्या सुमारास) केतकी, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी वासवलेल्या तिळेलाचा स्नानाच्या संदर्भात उल्लेख येतो. तीळ आधी फुलांच्या थरांत मुरवायचे आणि मग त्यांचे तेल गाळायचे, ही फुलेलाची रीत याच जातीची.

मराठी वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे तो गंधवाद हा कर्ता अज्ञात असलेला ग्रंथ, कारण त्याला जुन्या मराठीतील टीका जोडलेली आहे. गंगाधराच्या गंधसारासोबत तो एकाच हस्तलिखितात मिळाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दोन्ही ग्रंथांचा काळ ढोबळमानाने तेरावे ते सोळावे शतक असा धरतात. त्याहून नेमकी तारीख देणे धाडसाचे ठरेल.

ऊर्ध्वपातनाचा प्रश्न अधिक वादाचा आहे. तक्षशिला येथील उत्खननात मिळालेल्या मातीच्या पात्रांची जुळणी पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी ऊर्ध्वपातनाचे साधन म्हणून केली. पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ साली चारसद्द्याजवळील (पाकिस्तान) शैखान ढेरीच्या पात्रांवरून हे तंत्र प्राचीन भारतात रूढ होते असे मांडले. इटालियन रसायनज्ञ पाओलो रोवेस्ती यांनी ते थेट सिंधू संस्कृतीपर्यंत मागे नेले. यांपैकी ऑल्चिन यांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे, पण त्यांचा पुरावा मद्याकडे बोट दाखवतो, सुगंधी तेलाकडे नाही. सिंधू काळाचा दावा सध्या तरी अनुमानच मानावा. पर्शियन वैद्य इब्न सीना (९८०–१०३७) हा गुलाबाच्या ऊर्ध्वपातनाचा जनक, ही प्रचलित समजूतही टिकत नाही. त्याच्या आधी नवव्या शतकात अल-किंदी या अरब विद्वानाने सुगंधी द्रव्यांच्या ऊर्ध्वपातनाच्या कृती दिल्या आहेत. भारतापुरते बोलायचे तर आईन-इ-अकबरीतील (सोळाव्या शतकाची अखेर) चुव्याची (अगरू या सुवासिक लाकडाच्या तेलाची) कृती हा भक्कम पुरावा होय. त्यात अगरूचे तुकडे माती लिंपलेल्या निमुळत्या तोंडाच्या भांड्यात भरून ते भांडे उपडे ठेवतात व वरून आच देऊन तेल खाली उतरवतात. ‘चोवा चंदन’ या मराठी पदांतील जोडशब्दातला चोवा हाच. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले असे सांगतात; जहांगीर स्वतः मात्र आपल्या आठवणींत त्याचे श्रेय तिच्या आईला देतो.

‘अरोमाथेरपी’ हे नाव फ्रेंच रसायनज्ञ रने-मॉरिस गातफोसे यांनी रूढ केले. त्यांचा त्याच नावाचा ग्रंथ १९३७ चा. भाजलेला हात त्यांनी चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या लेखनात मात्र १९१० सालच्या प्रयोगशाळेतील स्फोटानंतर जखमा चिघळल्या व त्या लॅव्हेंडरच्या तेलाने मुद्दाम धुतल्या, असे आहे. स्निग्ध तेलात पातळ करून मालिश करण्याची आजची पद्धत मुख्यतः सौंदर्योपचारतज्ज्ञ मार्गरीत मॉरी यांच्या कामातून पुढे आली.

मुंबईचा व्यापार : एकोणिसाव्या शतकात मुंबईहून बाहेर गेलेले वैशिष्ट्यपूर्ण तेल म्हणजे रोशा गवताचे. पश्चिम खानदेशात, विशेषतः अक्राणीच्या डोंगरउतारांवर हे गवत कापून तिथेच भट्ट्यांवर तेल काढीत. ते मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांत व पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते गुलाबाच्या तेलात मिसळले जाई, कधी ऊर्ध्वपातनापूर्वी पाकळ्यांवर शिंपडले जाई. त्यामुळे युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ हे दुहेरी चुकीचे नाव पडले. ते तुर्की नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. हे शक्य झाले ते त्यातील विपुल जिरॅनिऑलमुळे, कारण गुलाबाच्या तेलातही तेच संयुग असते. याच गवताच्या मोतिया व सोफिया या प्रकारांपैकी मोतियाचे तेल उंची मानतात. आज मिश्रणात गुलाबाऐवजी पामरोझा (हेच रोशाचे तेल) वापरण्याचा सल्ला देतात, त्यामागचे रसायन तेच आहे. फरक एवढाच, की आता ते उघडपणे केले जाते.

सध्या अत्तरे महंमद अली रोडवर, सुगंधी रसायने व घाऊक तेले वडगादी–मशीद बंदर भागात आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर (शामळदास गांधी मार्ग) मिळतात. अत्तर अजूनही तोळ्यावर विकतात. तोळा वजनाने ११.६६ ग्रॅम, पण दुकानात तो ढोबळपणे १२ मिलि. धरतात. या विद्येचे शिक्षण मुंबईतच मिळते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९३३) तेलांचा स्वतंत्र विभाग आहे आणि मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो.

आधारतेलाची निवड : लोकांचे लक्ष सुगंधाकडे असते, पण बाटलीतला ९७ ते ९९.५ टक्के भाग आधारतेलाचा असतो आणि मिश्रण किती टिकेल, अंगात किती मुरेल हे तेच ठरवते. तिळेलात सेसॅमॉलसारखी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये असल्याने ते लवकर खवट होत नाही; वास मात्र उग्र, त्यामुळे नाजूक फुलांचे तेल त्यात दबून जाते. खोबरेल सुमारे २४° से. खाली थिजते. मुंबईत वर्षभर ते बहुतेक पातळच असते, थंडीतल्या पहाटे तेवढे गोठते. करडईचे तेल हलके, पण लिनोलेइक अम्ल भरपूर असल्याने लवकर बिघडणारे. ते थोडेच करावे व लवकर संपवावे. जोजोबा हे खरे तर तेल नसून द्रव मेण आहे, म्हणून ते सर्वांत जास्त टिकते. बदामाचे तेल मधले. लाकडी घाण्याच्या तेलांना स्वतःचा वास असतो, तो मिश्रणात धरूनच चालावे लागते.

औषधी सिद्ध तेले या नोंदीत येत नाहीत. त्यांत कल्क (वनस्पतींचा वाटलेला गोळा), स्नेह (तेल) व द्रव १:४:१६ या प्रमाणात शिजवतात. येथे तर उष्णता टाळायची असते.

प्रमाण : अंगाच्या मालिशसाठी साधारण २ टक्के, चेहऱ्यासाठी ०.५ ते १ टक्का. १ मिलि. म्हणजे सुमारे २० थेंब धरले तर २ टक्क्यांसाठी ३० मिलि. आधारतेलात १२ थेंब होतात. थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडाप्रमाणे बदलतो. हे सरसकट प्रमाण सर्व तेलांना लागू नाही. टिसरँड व यंग या सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवरील ग्रंथाच्या लेखकांनी त्वचेसाठी दिलेल्या कमाल मर्यादांत लवंग ०.५, गवती चहा ०.७ आणि दालचिनीची साल केवळ ०.०७ टक्के आहे. मिश्रण बांधताना वर, मधे व तळाला राहणारे वास असा विभाग करतात. डब्ल्यू. ए. पाउचर या ब्रिटिश सुगंधतज्ज्ञांनी बाष्पीभवनाच्या वेगावरून द्रव्यांना १ ते १०० अंक दिले : १४ पर्यंत वरचे, ६० पर्यंत मधले, पुढे तळाचे. लिंबू पहिल्या गटात, वाळा व चंदन शेवटच्या. मुंबईच्या उकाड्यात वरचे वास फार लवकर उडून जातात, म्हणून येथे तळाचा भाग थोडा वाढवणे योग्य.

लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीन हवेने ऑक्सिडीकृत होते व त्यापासून त्वचेला ॲलर्जी आणणारी संयुगे बनतात; गडद काचेची, काठोकाठ भरलेली बाटली थंड जागी ठेवावी. दाबून काढलेले बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) किंवा लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते.

परिणाम व धोके : मालिशीने बरे वाटते याबद्दल शंका नाही, त्यातला वाटा सुगंधाचा किती आणि हाताचा किती, हे वेगळे काढणे कठीण. स्मृतिभ्रंशावर सुगंधी तेले वापरून केलेल्या चाचण्यांच्या २०२० च्या कॉक्रन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) ठाम निष्कर्ष निघाला नाही. धोके मात्र ठाऊक आहेत. कापूर व निलगिरी यांमुळे आकडी येऊ शकते आणि बंगळूरच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत; त्यांत केवळ बाम किंवा टूथपेस्ट वापरणारेही आहेत. म्हणून सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या उशाशी कापराची पुरचुंडी ठेवण्याची, नाकाखाली पुदिन्याचे किंवा निलगिरीचे तेल लावण्याची सवय सोडावी. निलगिरीचे तेल काही मिलिलिटर जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी गुंगी व आकडी येऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.