लँडलाइनचे इंटरनेटवर स्थलांतर (घरातील जुन्या तारांसह)

एक्स्चेंजपासून येणारी तांब्याची जोडतार सोडून घरचा फोन इंटरनेट जोडणीवर नेणे, पण भिंतीतली तार, रोझेट (फोनची दोरी जोडण्याची भिंतीवरची डबी) आणि फोनसंच होते तेच ठेवणे, अशी ही पद्धत. सांगली-मिरज परिसरात आणि साताऱ्याच्या पेठांत फायबर घरोघर पोचू लागल्यावर ती रुळली. फायबर घरात जिथे संपते तिथल्या डबीला ओएनटी म्हणतात. तिच्या मागे ‘फोन’ लिहिलेले खोबण असते आणि एक्स्चेंजचे घरापुरते काम तेच करते. ओएनटीला असे खोबण नसेल, तर राउटर आणि फोन यांच्यामध्ये वेगळे ॲडॉप्टर (एटीए) जोडावे लागते.

संगणकांच्या जाळ्यावरून बोलण्याचा आरंभ कधी झाला, याबद्दल एकमत नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संशोधन संस्थेतील डॅनी कोहेन यांनी आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, केलेला प्रयोग काही लेखक डिसेंबर १९७३ चा मानतात, तर काही ऑगस्ट १९७४ चा. संकेतप्रणाली आधी तयार झाली आणि दोन दूरच्या ठिकाणांमधले प्रत्यक्ष संभाषण नंतर झाले असे धरल्यास दोन्ही तारखांचा मेळ बसतो. या प्रणालीचा तपशील १९७६ मध्ये लिहिलेला असून ‘आरएफसी ७४१’ या क्रमांकाचा तांत्रिक दस्तऐवज म्हणून तो नोव्हेंबर १९७७ मध्ये प्रसृत झाला. आर्पानेटवर आजच्या इंटरनेटचा पाया असलेली आयपी प्रणाली १९८३ पासून आली, म्हणून त्याआधीच्या प्रयोगांना ‘इंटरनेटवरचा फोन’ म्हणू नये असाही एक पक्ष आहे. तो व्होकलटेक या इस्रायली कंपनीच्या फेब्रुवारी १९९५ च्या सॉफ्टवेअरपासून गणना करतो. बाजाराचा इतिहास लिहायचा असेल तर हा पक्ष सोयीचा आहे. तंत्राचा इतिहास मात्र सत्तरच्या दशकातच सुरू होतो. घरातल्या साध्या फोनसंचाच्या दृष्टीने या दोहोंपेक्षा फोन लावण्याचे आणि तोडण्याचे संकेत ठरवणारी सिप ही संकेतप्रणाली अधिक महत्त्वाची ठरली. तिचे पहिले रूप १९९९ चे, सुधारित रूप जून २००२ चे.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट सेवादारांना मर्यादित स्वरूपात इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देता येऊ लागली. देशातल्या साध्या फोनशी तिची सरळ गाठ घालण्याची वाट ट्राय या दूरसंचार नियामकाच्या ऑक्टोबर २०१७ च्या शिफारशींनंतर, २०१८ मध्ये मोकळी झाली.

घरातल्या जोडणीत खरी कृती एकच आहे, आणि नेमकी तीच अनेकदा वगळली जाते. खांबावरच्या डीपीतून (तारा वाटून देणाऱ्या पेटीतून) आलेली ड्रॉप वायर, म्हणजे घरात येणारी तांब्याची जोडतार, पहिल्या रोझेटमध्ये उतरते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत तिथून पुढे माजघर, माडी आणि रस्त्याकडचे दुकान असे पॅरलल फाटे गेलेले आढळतात. हे फाटे तसेच राहू द्यावेत, पण ड्रॉप वायरची दोन्ही टोके पहिल्या रोझेटमधून सोडवून वेगवेगळी टेपने गुंडाळावीत. एक्स्चेंजची तार सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब घेऊन येते आणि घंटा वाजताना तिच्यावर सुमारे ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब चढतो. ओएनटीचे खोबणही तारेवर स्वतःचा दाब सोडत असते. दोन्ही एकाच जोडीवर आले की ओएनटीचा आवाजाचा भाग जळू शकतो. ‘लाइन तशीही मेली आहे, मग काढायची कशाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. बंद तारेतूनही वळवाच्या पावसात विजेचा झटका घरात येतो, आणि मेलेली लाइन कुणी तरी एक्स्चेंजमधून पुन्हा जिवंत करू शकते. मल्टिमीटर रोझेटच्या स्क्रूंवर टेकवून काटा शून्यावर असल्याची खात्री करून घेणे चांगले.

त्यानंतर आरजे-११ ची (फोनच्या नेहमीच्या छोट्या खटक्याची) साधी दोरी ओएनटीतून निघून जवळच्या कोणत्याही रोझेटमध्ये जाते. तिथून डायल टोन उलटा सगळ्या घरात पसरतो. तार कोणत्या टोकाने भरली जाते याने तिला फरक पडत नाही. जुन्या ब्रॉडबँडचा स्प्लिटर (आवाज आणि डेटा वेगळे करणारी डबी) मध्ये असेल तर तो काढून टाकावा. कोकण कडेच्या पावसाळी गावांत, पाटण-जावळीकडे विशेषतः, रोझेट उघडल्यावर स्क्रूवर हिरवा गंज आणि आत मुंग्यांची माती निघते. तारेचे टोक तेवढे छाटून नवीन सोलले, की निम्मी खरखर तिथेच संपते.

जुनी तार ठेवावी की नवी ओढावी, याबद्दल वायरिंग करणाऱ्यांत दोन मते आहेत. नवी तार ओढा म्हणणाऱ्यांचे जुन्या तारेवरचे आक्षेप खरे तर इंटरनेटच्या डेटाला लागू पडतात. आवाजाला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागतो आणि अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार घराच्या लांबीत तो सहज वाहून नेते. चुन्याच्या दोन हात रुंद भिंतीत पुन्हा छिन्नी चालवण्याचे कारण निदान फोनपुरते तरी दिसत नाही. मर्यादा घंटेची आहे. एक्स्चेंजइतकी ताकद ओएनटीत नसते, त्यामुळे जुन्या घंटीचे तीन-चार संच पॅरलल असतील तर घंटा क्षीण वाजते किंवा वाजतच नाही. गोल चकतीचे संच अनेक ओएनटींना समजत नाहीत. त्यांवर फोन घेता येतो, लावता येत नाही.

इंटरनेटवर आवाज बहुधा जी.७११ या पद्धतीने अंकांत बदलून जातो. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनासह सुमारे ८७ किलोबिट. फायबरवर हा भार नगण्य असतो.

जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून मिळत होती. नव्या जोडणीला ती घरातूनच लागते. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत हा मुद्दा केवळ पुस्तकी राहिलेला नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. पाणी वस्तीत शिरले की वीजपुरवठा बंद करावा लागतो आणि ओएनटी त्याबरोबर गप्प होते. (एक्स्चेंजच पाण्यात गेले तर जुन्या लाइनचाही भरवसा नव्हता, हे तिच्या कैवाऱ्यांनी लक्षात घ्यावे.) बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तासांची सोय करतो. फायबरमध्ये ओल शिरून खरखर होत नाही, हा मात्र नव्या जोडणीचा निर्विवाद गुण आहे.

क्रमांकाची अदलाबदल न करता कंपनी बदलण्याची सोय भारतात मोबाइलपुरतीच आहे. त्यामुळे तांब्यावरून फायबरवर त्याच कंपनीकडे राहिल्यास सांगलीचा ०२३३ किंवा साताऱ्याचा ०२१६२ पुढचा जुना क्रमांक सहसा टिकतो. कंपनी बदलली की तो जातो. अर्ज करतानाच हे विचारून घ्यावे, कारण जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज आधी गेला तर क्रमांक परत मिळवणे अवघड होते.