चौथी भाषा कुठं लिहायची?

तेलंगणाच्या सीमेवर, देगलूरच्या बसस्थानकाबाहेरची चहाची टपरी. मालकीण पोराला तेलुगूत दटावते, माझ्याशी मराठीत बोलते, पंक्चरवाल्या चाचांची दखनीत, म्हणजे इकडच्या हिंदी-उर्दूत थट्टा करते. मधेच बिस्किटाच्या पुड्यावरची एक्स्पायरी वाचून पुडा बाजूला काढते. इंग्रजी येतं का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कुठलं दादा, चार अक्षरं वाचता येतात, बस."

जनगणनेतही तिचं इंग्रजी दिसणार नाही, आणि त्याला तिचा संकोच कारण नाही. २०११च्या फॉर्मवर मातृभाषा विचारली होती आणि तिच्याखेरीज येणाऱ्या जास्तीत जास्त दोन भाषा. जी जास्त चांगली येते ती आधी. तेलुगू, मराठी, हिंदी लिहिलं की जागा संपली! मराठी घरातल्या माणसाचं मराठी, हिंदी, इंग्रजी मात्र त्यात बरोबर मावतं. म्हणजे ज्या घरात भाषा जास्त, तिथलंच इंग्रजी मोजणीतून गळतं. सीमेवरच्या तालुक्यांना इंग्रजीत मागास म्हणण्याआधी हा फॉर्म एकदा बघावा.

अमेरिकेची जनगणना १९८०पासून वेगळं विचारू लागली: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी किती येतं? उत्तरं चार: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. उत्तर ज्याचं त्यानंच द्यायचं, त्यामुळं तेही कच्चंच माप. पण टपरीवालीला त्यात 'फारसं नाही'ची जागा तरी मिळाली असती.

घरची भाषा इंग्रजीला ओढून धरते, हा समजही अर्धाच खरा. बस दिसली की त्या टपरीवरचं पोरगं ओरडतं, "बस्सु! बस्सु!" तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात, म्हणून जीभ शेवटी 'उ' जोडते. उमरग्याकडच्या कन्नड घरांतही तेच. उलट दखनी बोलणाऱ्या लेकराचा फायदाच. मराठी 'फूल' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. दखनीत 'फजर' (पहाट) म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'फॅन'मधला इंग्रजी उच्चार त्याला घरूनच मिळालेला असतो.

पण उच्चार ही वरवरची गोष्ट. वाचनाचं कोडं मेंदू एकदाच सोडवतो. खूण म्हणजे आवाज, आवाजांचा शब्द, शब्दाला अर्थ, हे एका भाषेत उमगलं की दुसरीत नव्यानं शिकावं लागत नाही. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये मांडलेल्या गृहीतकाचा गाभा हाच: पहिल्या भाषेतली समज दुसरीच्या कामी येते. अट एकच, पहिल्या भाषेत ती समज पक्की व्हायला वेळ मिळायला हवा.

बंजारा तांड्यावरच्या लेकराला तो वेळ मिळत नाही. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, जनगणनेच्या तक्त्यात ती लमाणी या नावानं हिंदीच्या पोटात जाते. शाळा मराठी. २०००पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी. म्हणजे आईचा हात सोडून वर्गात बसलं की त्याच दिवशी दोन परक्या भाषा समोर, आणि ज्या भाषेत त्याला 'पाणी प्यायला जाऊ का?' विचारता येतं, ती फळ्यावर कुठंच नाही.